प्लेगच्या साथीतील सावित्रीमाई



आपल्या विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघते आहे, काका तुम्ही पण एखादा लेख द्या, असे समितीच्या पोरांनी सांगितले. मी काही लेखक नाही. नववीत शाळा सुटली आणि वडिलांच्या पाठोपाठ गिरणीत साचाखात्यात बदली कामगार म्हणून लागलो. जे काय वाचले ते पाळी सुटल्यावर वाचनालयात बसून, नाहीतर ६ डिसेंबरला चैत्यभूमीला गेलो की शिवाजी पार्कच्या स्टॉलवरून आणलेल्या पुस्तकांतून. तेव्हा लिहिण्यात काही चुकलेमाकले तर आपला माणूस म्हणून सांभाळून घ्यावे.

दरवर्षी ३ जानेवारीला आपण विहारात सावित्रीमाईंची जयंती करतो. गेली वीस वर्षे त्या दिवशी मी बोलतो. पहिली शाळा, अंगावर पडलेले शेण आणि चिखल, पिशवीत ठेवलेले दुसरे लुगडे, हे सगळे मी सांगतो आणि बायाबापड्या डोळ्याला पदर लावतात. ते सांगितलेच पाहिजे. पण मागच्या खेपेला एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. रविवारच्या वर्गातल्या मुलांना मी विचारले, "माईंचा जन्म कधी झाला?" सगळ्यांनी एका सुरात सांगितले, ३ जानेवारी १८३१, नायगाव. मग विचारले, "माई वारल्या कशाने?" कुणालाच सांगता येईना. मोठी माणसेही एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागली.

दोष मुलांचा नाही, आम्हा बोलणाऱ्यांचा आहे. आमची माई १८४८ सालातच थांबते. त्यानंतर ती माउली आणखी ४९ वर्षे जगली, आणि त्यातले एकही वर्ष तिने स्वतःसाठी ठेवले नाही. त्या ४९ वर्षांबद्दल, विशेषतः तिच्या शेवटच्या दिवसांबद्दल, चार शब्द लिहावेत असे वाटले.

शाळा ही सुरुवात होती

नायगावच्या खंडोजी नेवसे पाटलांची ही मुलगी १८४० साली, वयाच्या नवव्या वर्षी फुल्यांच्या घरात सून म्हणून आली. अक्षरओळख नव्हती. जोतिरावांनी तिला शिकवले आणि १८४८ साली पुण्याच्या बुधवार पेठेत भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा निघाली. ज्या गावात पेशवाई संपून उणीपुरी तीस वर्षे झाली होती, त्या गावात शूद्राघरची सून मास्तरीण म्हणून रस्त्याने चालत जायची. कर्मठांचे डोके फिरले. सासऱ्यांवर दबाव आला आणि नवराबायकोला घर सोडावे लागले. त्या वेळी उस्मान शेख यांनी आसरा दिला. त्याच घरातल्या फातिमा शेख शाळेच्या कामात माईंच्या सोबतीण झाल्या. पुढे १८५६ साली माई आजारी पडून माहेरी नायगावला गेल्या, तेव्हा त्यांनी जोतिरावांना पत्र लिहिले. मी इकडे असल्याने फातिमाला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, असा भाव त्या पत्रात आहे. आजारपणातही कामाची आणि सोबतिणीची काळजी!

१८५१-५२ मध्ये चिपळूणकरांचा वाडा, रास्ता पेठ, वेताळ पेठ अशा आणखी शाळा निघाल्या. महार-मांगांच्या मुलांसाठीही शाळा निघाल्या. त्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या चौदा वर्षांच्या मुलीने महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो १८५५ साली 'ज्ञानोदया'त छापून आला. माईंच्या शाळेने काय केले, याचा याहून मोठा पुरावा कोणता पाहिजे?

घराचे दार आणि हौदाचे पाणी

माईंची दुसरी शाळा म्हणजे त्यांचे घर. गंज पेठेतल्या त्या घरात १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू झाले. कारण काय घडले? जोतिरावांच्या एका ब्राह्मण स्नेह्याकडे काशीबाई नावाची तरुण विधवा स्वयंपाकाला होती. तिला कुणीतरी फसवले. दिवस गेले, मूल झाले. जनलज्जेस्तव तिने ते मूल मारून विहिरीत टाकले आणि तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. फसवणारा मोकळा, शिक्षा बाईला! तेव्हा या दोघांनी जाहीर केले की अशा कुणा विधवेवर प्रसंग आला तर तिने आमच्या घरी यावे, गुपचूप बाळंत व्हावे आणि मूल न्यावे किंवा आमच्याकडे ठेवावे. जोतिरावांनीच १८८४ साली लिहून ठेवले आहे की पस्तीस ब्राह्मण विधवा या घरात बाळंत झाल्या.

आता जरा विचार करा. जाहीरनामा जोतिरावांनी काढला असेल, पण बाळंतपण कोण करणार? पाणी कोण तापवणार, शेक-शेगडी कोण बघणार, रात्रीबेरात्री रडणारे पोर कोण घेणार? ते सगळे माईंनी केले. ज्या समाजातल्या लोकांनी अंगावर शेण फेकले, त्याच समाजातल्या लेकीबाळींची त्यांनी बाळंतपणे केली. स्वतःला मूल झाले नाही. अशाच एका विधवेचा मुलगा १८७४ साली दत्तक घेतला, त्याचे नाव यशवंत. त्याला शिकवून डॉक्टर केले. हा यशवंत पुढे या गोष्टीत येणार आहे.

१८६८ साली घराचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. आपल्या महाडच्या सत्याग्रहाच्या ५९ वर्षे आधीची ही गोष्ट आहे.

त्याच १८६८ सालचे माईंचे आणखी एक पत्र आहे. नायगावात गणेश नावाचा ब्राह्मण तरुण आणि सारजा नावाची महाराची मुलगी यांचे प्रेम जमले होते. मुलगी सहा महिन्यांची पोटुशी. गावातले लोक दोघांना मारत, धिंडवडे काढत, जीव घ्यायला निघाले. माईंना कळले तशा त्या धावत गेल्या. इंग्रज सरकारच्या कायद्याची भीती घातली आणि दोघांचा जीव वाचवला. मग दोघांना जोतिरावांकडे पुण्याला पाठवून दिले. आपल्या महाराष्ट्रात आंतरजातीय लग्नावरून खून पडल्याच्या बातम्या आजही पेपरात वाचायला मिळतात. दीडशे वर्षांपूर्वी एक बाई गावाच्या जमावापुढे एकटी उभी राहिली, हे आपल्या पोरापोरींना सांगितले पाहिजे.

दुष्काळात

१८७६-७७ चा दुष्काळ फार भयंकर होता. जुन्या माणसांच्या तोंडी त्याच्या गोष्टी पिढ्यान्पिढ्या राहिल्या. त्या वेळी सत्यशोधक समाजाला स्थापन होऊन तीन-चारच वर्षे झाली होती (२४ सप्टेंबर १८७३). समाजाच्या कार्यकर्त्यांनी अन्नछत्रे उघडली. धनकवडीला पोरक्या मुलांसाठी व्हिक्टोरिया बालाश्रम चालवला.

माई तेव्हा जुन्नरकडे ओतूरला होत्या. २० एप्रिल १८७७ च्या पत्रात त्यांनी तिकडची हालत कळवली आहे. गुरे पटापट मरतात, माणसे मुलूख सोडून चालली आहेत. सावकारांच्या विरोधात लोक उठले तेव्हा सरकारने सत्यशोधक कार्यकर्त्यांनाच धरले, पन्नास जणांना. माई थेट कलेक्टरला भेटल्या. माझे कार्यकर्ते लोकांना जगवायला आले आहेत, त्यांच्यावर खोटा आळ कसा घेता, असे त्यांनी विचारले आणि माणसे सोडवून आणली. म्हणजे बघा, भाकरी थापणारी हीच आणि कलेक्टरपुढे बोलणारीही हीच. आपल्याकडे दोन कामे वेगळी समजतात. पुढारी बोलतो आणि बाया स्वयंपाक करतात. माईंनी ती वेगळी ठेवली नाहीत.

जोतिरावांच्या मागे

१८८८ साली जोतिरावांना अर्धांगवायू झाला. दोन वर्षे माईंनी त्यांची सेवा केली. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले. अंत्ययात्रेत टिटवे कोणी धरायचे यावरून भाऊबंदांनी वाद काढला, कारण यशवंत दत्तक. तेव्हा माईंनी स्वतः टिटवे हातात घेतले, पुढे चालल्या आणि नवऱ्याच्या चितेला अग्नी दिला. आजही किती घरांत ही हिंमत आहे?

नवरा गेला की बाई संपली, अशी त्या काळची रीत. माई मात्र साठीला आल्या असताना समाजाच्या कामाला उभ्या राहिल्या. १८९३ साली सासवडला सत्यशोधक समाजाची परिषद भरली, तिच्या अध्यक्षा माईच होत्या.

आणि प्लेग आला

१८९६ च्या सप्टेंबरात आपल्या मुंबईत मांडवी भागात प्लेग सुरू झाला. लाखो लोक मुंबई सोडून गावी पळाले, गिरण्यांना माणूस मिळेना. त्या वेळी सत्यशोधक समाजाचे मुंबईतले खांब म्हणजे नारायण मेघाजी लोखंडे. आम्हा गिरणी कामगारांचा हा पहिला पुढारी. १८८४ साली त्यांनी गिरणी कामगारांची पहिली संघटना उभी केली. १० जून १८९० पासून कामगाराला रविवारची सुट्टी मिळाली ती त्यांच्यामुळे. आम्ही रविवारी विहारात येऊन बसतो, त्या रविवारावर लोखंड्यांचे ऋण आहे. हे लोखंडे प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता स्वतः प्लेगने ९ फेब्रुवारी १८९७ रोजी गेले.

तोवर साथ पुण्यात पोचली होती. त्या वेळी प्लेग म्हणजे काय होते, ते आजच्या पिढीला कळायचे नाही. काखेत, जांघेत गाठ येई, ताप भरे आणि बघता बघता माणूस जाई. रोगाचा जंतू १८९४ साली सापडला होता, पण तो उंदरावरच्या पिसवांमुळे माणसाला होतो, हे १८९८ पर्यंत कुणाला माहीत नव्हते. हाफकिन साहेबांनी १० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत स्वतःच्या अंगावर लस टोचून बघितली, पण ती गोरगरिबांपर्यंत पोचायला अवकाश होता. म्हणजे रोगावर औषध नाही आणि तो कशाने होतो हेही ठाऊक नाही. लोकांना एवढेच कळत होते की जो जवळ जातो तो मरतो. बाप लेकाला शिवेना, लेक आईला शिवेना.

४ फेब्रुवारी १८९७ ला सरकारने साथरोगाचा कायदा केला. पुण्यावर रँड साहेबाला नेमले. मार्चच्या मध्यापासून गोरे सोल्जर घराघरांत घुसून रोगी शोधू लागले. २२ जूनला चाफेकरांनी रँडवर गोळी झाडली. हा इतिहास शाळेच्या पुस्तकात आहे. प्लेग म्हटला की रँड आठवतो आणि चाफेकर आठवतात. पण त्याच पुण्यात, त्याच साथीत, रोग्यांना उचलून नेणारी ६६ वर्षांची बाई आपल्या शाळेत शिकवली का गेली नाही? गोळी कोणी झाडली ते लिहिले गेले. पाठीवर लेकरू कोणी घेतले ते मात्र आमच्या पुस्तकांत आले नाही.

माईंचा यशवंत सैन्यात डॉक्टर होता. माईंनी त्याला बोलावून घेतले. हडपसरच्या बाजूला, ससाणे यांच्या मळ्यात, गावाबाहेर मोकळ्या हवेत दवाखाना सुरू झाला. ससाणे म्हणजे यशवंतच्या सासरचे लोक. यशवंतची बायको दोन वर्षांपूर्वीच वारली होती. पोटच्या पोरासारखा वाढवलेला एकुलता एक मुलगा. कुठलीही आई अशा वेळी म्हणेल, "बाबा, तू लांबच राहा." या आईने मुलाला साथीत बोलावले आणि स्वतः त्याच्याबरोबर उभी राहिली. माई वाड्यावस्त्यांवर जाऊन आजारी माणसे हुडकायच्या आणि दवाखान्यात आणायच्या.

मुंढवा गावच्या महारवाड्यात पांडुरंग बाबाजी गायकवाड यांच्या मुलाला प्लेग झाल्याचे कळले. महारवाड्यात कोण जाणार? एरवीही ज्यांच्या सावलीचा विटाळ, त्यांच्या घरात तर आता साथ शिरलेली. माई गेल्या. त्या लेकराला पाठीवर घेतले आणि हडपसरच्या दवाखान्याकडे चालू लागल्या.

बंधू-भगिनींनो, मी या ठिकाणी नेहमी थांबतो. नकाशावर मुंढवा आणि हडपसर शेजारी शेजारी दिसतात. पण सहासष्ट वर्षांच्या म्हातारीने तापाने फणफणलेले पोर पाठीवर घेऊन ते अंतर चालायचे म्हणजे काय, हे ज्याने आयुष्यात ओझे वाहिले त्यालाच कळेल. पोराचे तोंड तिच्या मानेशी आणि पोराचा श्वास तिच्या कानाशी. ते पोर आपले होते, महाराचे होते. तिला त्याची जात विचारावीशी वाटली नाही आणि जिवाची भीतीही वाटली नाही.

त्या सेवेतच माईंना प्लेग झाला. १० मार्च १८९७ रोजी रात्री त्यांनी शेवटचा श्वास घेतला. लोखंडे गेले त्याला पुरता एक महिना आणि एक दिवस झाला होता. यशवंतरावांनीही आईची वाट सोडली नाही. पुढे प्लेगच्याच रोग्यांची सेवा करताना १९०५ साली ते गेले.

माझी स्वतःची कबुली

आता एक गोष्ट सांगतो, जी आजवर भाषणात सांगितली नाही. २०२० साल. मार्चमध्ये कोरोनाचा लॉकडाऊन लागला आणि भोंगा बंद झाला. सरकारने त्या वेळी जो कायदा लावला तो कोणता? तोच, १८९७ सालचा, माईंच्या वेळचा!

मे महिन्यात आमच्या चाळीत खालच्या मजल्यावरच्या एक आजी आजारी पडल्या. एकट्याच राहायच्या. दम लागला होता. त्यांनी दाराची कडी वाजवली, हाका मारल्या. सगळ्या चाळीने ऐकल्या, मीही ऐकल्या. आणि मी, दर ३ जानेवारीला माईक हातात घेऊन सावित्रीमाई सांगणारा मी, आतून दार लावून घेतले. घरात नातवंडे आहेत, असे मनाला सांगितले. खोटे नव्हते ते. पण पुरते खरेही नव्हते. मी भ्यालो होतो.

त्या आजींना उचलले कोणी? झाडू खात्यात काम करणाऱ्या आमच्या शेजारच्या एका ताईने. कामावरून नुकतीच आली होती. रिक्षा नव्हती, ॲम्ब्युलन्स लागत नव्हती. तोंडाला ओढणी गुंडाळली, भाजीवाल्याची हातगाडी घेतली, आजींना तिच्यावर निजवले आणि एकटीने ढकलत दवाखान्यापर्यंत नेले. मी वरून खिडकीतून बघत होतो. तिला सावित्रीमाईंवर चार वाक्येही बोलता येत नाहीत. जयंतीला ती मागच्या रांगेत बसते आणि कार्यक्रम संपला की सतरंज्या उचलते. त्या दिवशी मला कळले की माई माझ्या भाषणात नव्हत्या, त्या हातगाडी ढकलत होत्या.

आजी पंधरा दिवसांनी घरी आल्या. मी त्यांच्यासमोर जाऊन माफी मागितली. त्या म्हणाल्या, "असू दे रे बाबा, भीती कुणाला सुटली?" पण मला ती गोष्ट सुटलेली नाही.

आपण काय करायचे?

बाबासाहेबांनी बुद्ध, कबीर आणि जोतिराव फुले यांना आपले गुरू मानले. जोतिरावांना गुरू मानले म्हणजे त्यांच्या घरातल्या माईही आपल्याच. भगवान बुद्धांनी आजारी, मलमूत्रात पडलेल्या भिक्खूला आनंदाच्या मदतीने स्वतःच्या हातांनी धुतले आणि रोग्याची सेवा हीच माझी सेवा असे संघाला शिकवले. माईंच्या काळी धम्माची दीक्षा नव्हती, पण त्यांची करुणा त्याच जातीची होती.

२०१४ साली पुणे विद्यापीठाला माईंचे नाव मिळाले. २०२३ च्या डिसेंबरात स्मारकासाठी भिडे वाड्याची जुनी पडकी इमारत उतरवली गेली. स्मारके व्हावीत, पुतळे व्हावेत, आम्ही त्यासाठी मोर्चे काढूच. पण माझी या स्मरणिकेतून विहार समितीला आणि तरुण मंडळाला हात जोडून एक विनंती आहे. ३ जानेवारीबरोबर १० मार्च हा माईंचा स्मृतिदिनही पाळू या. त्या दिवशी भाषण नको, माझे तर नकोच. वस्तीत कोण म्हातारे एकटे राहते, कुणाच्या घरी आजारपण आहे, कुणाला दवाखान्यात न्यायला माणूस नाही, याची घरोघर जाऊन यादी करू या. ती वही विहारात ठेवू या. वर्षभर त्या वहीतल्या घरांची आळीपाळीने पाळी लावू या, जशी गिरणीत लावत होतो. पहिल्या पाळीला माझे नाव लिहा. आणि ती वही सांभाळायला झाडू खात्यातल्या आमच्या त्या ताईकडे द्या.

मुंढव्याच्या महारवाड्यातले ते लेकरू आपल्या समाजाचे होते. त्या लेकराचे ऋण आपल्यावर आहे. ते हार घालून फिटायचे नाही. कुणाला तरी आपल्या पाठीवर घेऊनच ते फिटेल.

क्रांतिज्योती सावित्रीमाईंना विनम्र अभिवादन!

जय जोती! जय सावित्री! जयभीम!